इंद्रजाल कॉमिक्सची मुखपृष्ठे : कोणते अंक शोधावेत, कसे जपावेत?

जुनेअंक :
काकांनी जपून ठेवलेले इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक नुकतेच माझ्याकडे आले आहेत. बहुतेक वेताळाचे (इंग्रजीतला ‘फँटम’), काही जादूगार मँड्रेक आणि बहादूरचे. गोष्टी पूर्वीच वाचलेल्या असल्याने आता मन गुंतते ते मुखपृष्ठांत, आणि संग्रह वाढवायचा तो त्यांच्यासाठीच, असे ठरवले आहे. कोणत्या काळातले अंक शोधावेत, चित्रांत काय पाहावे आणि दोन-तीन मुखपृष्ठे भिंतीवर लावायची झाल्यास कोणती काळजी घ्यावी, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

रेषारंग :
मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडिया समूहाने ही मालिका इंग्रजीत सुरू केली आणि १९९० पर्यंत ती चालली. आपण पहिल्या काही वर्षांच्या अंकांना प्राधान्य द्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. आतील पाने वेताळ आणि मँड्रेकचे जनक ली फॉक यांच्या वृत्तपत्रांतील चित्रमालिका कापून-जुळवून तयार केलेली असत. मुखपृष्ठ मात्र बी. गोविंद, म्हणजेच गोविंद ब्राह्मणिया, यांनी इथे बसून नव्याने रंगवलेले असे. आतले चित्र शाईच्या रेषेवर उभे असते, तर गोविंद यांचे चित्र उजेड आणि सावलीवर. एकच अंक उघडून मुखपृष्ठावरचा वेताळ आणि आतल्या चौकटीतला वेताळ शेजारी ठेवून पाहा, म्हणजे चित्रकाराने स्वतःचे काय घातले आहे ते लगेच लक्षात येईल. शीर्षकासाठी वर सोडलेली जागाही पाहावी. ती रिकामी वाटू नये म्हणून तिथे आभाळ, धूर किंवा झाडी कशी येते, हे मला फार शिकण्यासारखे वाटते.

सुरुवातीच्या अंकांच्या मलपृष्ठावरही भिंतीवर लावता येईल असे मोठे चित्र असे. त्यामुळे विकत घेताना मागचे पान शाबूत आहे ना, हे आधी तपासावे.

भिंगवाला :
वरील प्रतिसादाशी सहमत आहे. तुलनेसाठी अमेरिकेतील गोल्ड की प्रकाशनाने १९६२ पासून काढलेल्या वेताळाच्या अंकांची जॉर्ज विल्सन यांनी रंगवलेली मुखपृष्ठेही अवश्य पाहावीत. तीही रेषेची नव्हे, कुंचल्याची चित्रे आहेत, आणि ती पाहिल्यावर गोविंद त्यांच्या तोडीचे काम करत होते, हे माझे मत अधिकच पक्के झाले.

बहादूरचे अंक मात्र दुय्यम मानू नका. आबिद सुरती यांनी १९७६ मध्ये निर्माण केलेल्या या नायकाची आतली चित्रेही गोविंद यांनीच काढली. भगवा कुर्ता आणि जीन्स घातलेला, डाकूंशी झुंजणारा हा नायक आपल्याच मातीतला असल्याने तिथे त्यांचा हात अधिक मोकळा चालतो, असे मला वाटते.

एक भिंगही जवळ ठेवा. वेताळाचा जांभळा पोशाख म्हणजे निळ्या आणि किरमिजी ठिपक्यांची जाळी असल्याचे दिसेल. छपाईत एखादा रंग केसभर सरकला असेल, तर बाहीच्या कडेला गुलाबी रेघ सापडेल. जुन्या छपाईची ही खूण मला दोष वाटत नाही.

जुनेअंक :
दोघांचेही मनापासून आभार. मुखपृष्ठे सुटी करून लॅमिनेट करून घ्यावीत का?

कागदजतन :
कृपया तसे करू नका. लॅमिनेशन पुन्हा काढता येत नाही आणि उष्णतेने शाई-कागद दोन्हींना धक्का बसतो. चिकटपट्टीही लावू नये, तिचा डिंक काही वर्षांत पिवळा पडून कागदात मुरतो. अंक अखंड ठेवून पॉलिप्रॉपिलीनच्या पिशवीत, मागे आम्लरहित पुठ्ठा घालून, ठेवावा; पीव्हीसीच्या पिशव्या टाळाव्यात. गंजलेल्या पिना असतील तर त्यांची वळलेली टोके सावकाश सरळ करून त्या काढाव्यात, ओढू नयेत. पावसाळ्यात कपाटात सिलिका जेल ठेवावे आणि कसर लागली आहे का, हे अधूनमधून पाहावे.

भिंतीसाठी मुखपृष्ठ ६०० डीपीआयला स्कॅन करावे, ठिपक्यांची नक्षी उमटू नये म्हणून स्कॅनरमधील डीस्क्रीन हा पर्याय वापरावा, आणि त्याचीच प्रत फ्रेम करावी. उन्हाने सर्वांत आधी लाल आणि पिवळा फिकटतात, म्हणून मूळ अंक अंधारातच राहू द्यावा.