मुलीला दिसणारे रंगीत ठिपके: मायग्रेन की अपस्मार?

प्रश्न

माझ्या ९ वर्षांच्या मुलीला दिवसा अचानक एका बाजूला रंगीत गोल ठिपके दिसतात, ते मिनिटभरात नाहीसे होतात आणि मग तिचे डोके दुखू लागते. आधी हे मायग्रेन समजले गेले. ईईजीनंतर (मेंदूतील विद्युत लहरींच्या तपासणीनंतर) मात्र डॉक्टरांनी मेंदूच्या मागच्या भागातून, म्हणजे ऑक्सिपिटल लोबमधून उद्भवणारा बालवयातील अपस्मार असल्याचे सांगितले. हा फरक कशावरून ठरतो? आजार आपोआप बरा होणार असेल, तर औषधे द्यावीच लागतील का?

पहिले उत्तर

तुमच्या वर्णनातच निदानाचा मोठा भाग आहे. मायग्रेनमधील दृष्टिभ्रम सहसा ५ मिनिटे किंवा अधिक काळ हळूहळू पसरत जातो, त्यात बहुधा रंगहीन नागमोडी रेषा असतात आणि तो तासाभरापर्यंत टिकू शकतो. या अपस्माराचा झटका मात्र काही सेकंदांत पूर्ण रूप घेतो, त्यात रंगीत गोल आकृत्या दिसतात आणि तो बहुतेकदा ३ मिनिटांच्या आत ओसरतो. झटक्यानंतर डोकेदुखी होत असल्यामुळेच घोटाळा होतो. मेंदूत अन्य काही दोष नाही ना, हे पाहण्यासाठी एमआरआय आवश्यक असतो; तो झाला नसेल तर जरूर विचारा.

दुसरे उत्तर

औषधांबाबत थोडे स्पष्ट लिहितो, कारण बालवयातील ऑक्सिपिटल अपस्माराच्या दोन वेगळ्या प्रकारांची माहिती एकत्र वाचून पालक औषध थांबवतात, याची मला खरोखर काळजी वाटते. लहान वयात, बहुधा ३ ते ६ वर्षांच्या दरम्यान सुरू होणाऱ्या पानायोटोपुलोस प्रकारात मूल झोपेत उलट्या करते, पांढरे पडते, डोळे एका बाजूला वळतात आणि झटका अर्धा तासही लांबू शकतो. पण झटके मोजकेच येतात, साधारण दोन वर्षांत थांबतात आणि अनेकदा रोजच्या औषधाची गरज पडत नाही. तुमच्या मुलीची लक्षणे मात्र दुसऱ्या, म्हणजे गास्टो प्रकाराशी जुळतात. त्यात झटके वारंवार येतात, कधी त्यांचे रूपांतर सर्वांगाच्या आकडीत होते, म्हणून कार्बामाझेपिनसारखे झटके रोखणारे औषध सहसा दिले जाते. निम्म्याहून अधिक मुले काही वर्षांत बरी होतात, सर्व नव्हे. त्यामुळे औषध कधी कमी करायचे, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.

प्रश्नकर्ती

एमआरआय निर्दोष आहे. शाळेत काय सांगून ठेवावे?

दुसरे उत्तर देणारे

आकडी आल्यास तिला कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये, वेळ मोजावी आणि ती ५ मिनिटांपेक्षा लांबल्यास तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी. पोहताना तिच्यासोबत सतत कोणीतरी मोठे माणूस असावे. ठिपके दिसू लागताच तिने सांगावे आणि तिला लगेच बसवावे, एवढे शिक्षकांना लेखी द्या.