प्रति: दुकानात पाहून ऑनलाइन घेण्याची सोय
दुकानात माप पाहून ऑनलाइन मागवावे आणि न पटल्यास दुकानातच परत करावे, ही वर मांडलेली सोय मला अर्धीच पटते. सोलापुरातील एका साखळी दुकानाच्या ॲपवरून मागवलेला सदरा मी त्याच दुकानात परत करायला नेला, तेव्हा 'हे बिल आमचे नाही' असे उत्तर मिळाले. घरी येऊन पाहिले, तर ऑनलाइन बिलावरील जीएसटी क्रमांक 29 ने, म्हणजे कर्नाटकाच्या संकेतांकाने सुरू होत होता. दुकानाच्या बिलावर महाराष्ट्राचा 27 होता. पाटी एकच असली तरी कागदोपत्री विक्रेते निराळे असू शकतात, त्यामुळे परतीची अट मागवण्यापूर्वीच वाचलेली बरी. (नवी पेठेतील आमच्या नेहमीच्या कापडवाल्याने बिल न मागताच सदरा बदलून दिला असता.)