फ्यूजमध्ये जाड तार घालू नये
फ्यूज सारखा उडतो म्हणून जाड तार घालावी, असा सल्ला काही जण देतात, तो कृपया कोणीही अमलात आणू नये. ५ अँपिअरच्या फ्यूजला ०.२ मिलिमीटर व्यासाची, कल्हई केलेली तांब्याची तार पुरते. तिथे जाड तार घातली, तर ती वितळण्याआधी भिंतीतली जुनी वायरच तापून जळू शकते. २००० वॅटचा गीझर एकटाच सुमारे ९ अँपिअर ओढतो, त्याला स्वतंत्र लाइनच हवी. किटकॅट (फ्यूजची तार बसवलेला, चिनीमातीचा काढता-घालता येणारा भाग) काढल्यावर त्याच्या चिनीमातीवर काजळी आणि तांब्याचे शिंतोडे दिसले, तर बहुधा शॉर्ट सर्किट झालेले असते. तार नुसतीच मधोमध वितळली असेल, तर भार जास्त झाला असे समजावे. अनेक जुन्या वाड्यांत न्यूट्रललाही (वीज परत नेणाऱ्या तारेलाही) फ्यूज असतो, आणि तो उडाला की दिवे विझतात, पण फेज (वीज आणणारी तार) जिवंतच राहतो. म्हणून मेन स्विच बंद करून टेस्टरने खात्री केल्याशिवाय वायरिंगला हात लावू नये.