मदत हवी आहे: 'फुल अँड फायनल'वर सही करावी का?
भावाच्या बाईकला टेम्पोने मागून ठोकलं. मांडीत रॉड आहे, तो पुढच्या वर्षी काढायचाय. मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा दाखल आहे. एफआयआर, बिलं जोडलीत, अपंगत्वाचा दाखला मात्र अजून यायचाय. टेम्पोच्या विमा कंपनीने लोकअदालतीत तडजोड करू म्हणून 'फुल अँड फायनल' डिस्चार्ज व्हाउचर (सगळी भरपाई मिळाली अशी पावती) पुढे केलंय: 'यापुढे कोणताही दावा राहणार नाही.' रॉड काढायचा खर्च वेगळा लिहा म्हटलं, तर 'फॉरमॅट ठरलेला असतो' एवढंच उत्तर. वकील म्हणतात, घेऊन टाका (त्यांचीही फी मोकळी होईल, असो). लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं, हे माहीत आहे. पैशांची निकड आहे, पण दोन-तीन महिने कळ काढू शकतो. पुढच्या ऑपरेशनचा खर्च तडजोडीच्या पुरसिसमध्ये (कोर्टात द्यायच्या लेखी निवेदनात) कुणी वेगळा लिहून घेतलाय का? की दाखला हातात येईपर्यंत सहीच करू नये?