मदत हवी आहे: लेकीला म्युझिकमध्ये डिग्री करायचीय

नमस्कार मंडळी, आम्ही बडोद्याचे, मुलगी बारावीला आहे, ख्याल म्हणजे हिंदुस्थानी शास्त्रीय गायन शिकते, सकाळी तानपुरा लावला की चहा गार झाला तरी उठत नाही. नातेवाईक म्हणतात सयाजीरावांनी 1886 ला गायनशाळा काढली त्या गावात राहून बाहेर कशाला, आणि इथल्या एम.एस. युनिव्हर्सिटीची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी चांगली आहेच. पण तिला अमेरिकेत लिबरल आर्ट्स कॉलेजात बीए म्युझिक करायचंय, तिथे म्हणे साधारण एक तृतीयांश विषय संगीताचे, बाकी इकॉनॉमिक्स, इतिहास असं काहीही घेता येतं. मला काळजी रियाजाची, स्टाफ नोटेशन, पियानो, हार्मनी अशा पाश्चात्य संगीताच्या विषयांत ख्याल मागे पडला तर? कुणाच्या मुलांनी केलंय का? अर्जासोबत हिंदुस्थानी गायनाचं रेकॉर्डिंग चाललं का, आणि गुरुजींची तालीम ऑनलाइन टिकली का, प्लीज सविस्तर सांगा.