दहावीच्या प्रयोगात परीक्षानळ्या तडकतात. काय बदलावं, काय विकत घ्यावं?

नमस्कार. मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. यंदा प्रयोगशाळेचा चार्ज माझ्याकडे आलाय. गॅसजोडणी नाही, सगळं काम स्पिरिटच्या दिव्यावर चालतं.

अडचण अशी आहे. कॅल्शिअम कार्बोनेट तापवून निघणारा कार्बन डायऑक्साइड वायू चुन्याच्या निवळीत सोडायचा आणि ती गढूळ होते का ते पाहायचं, हा प्रयोग. बराच वेळ ज्योत धरली तरी निवळी जेमतेम गढूळ होते. मुलं कंटाळून दिवा बाजूला करतात, की लगेच निवळी वायुनळीतून उलटी चढते, तापलेल्या परीक्षानळीत शिरते आणि टक्कन तळ सुटतो. एका मुलीच्या बोटाला काच लागली, थोडक्यात निभावलं. तेव्हापासून हा प्रयोग मीच टेबलावर करून दाखवते. पण मागच्या बाकावरच्यांना त्यातलं काय दिसणार? नळी कधी हातातच धरली नाही अशी मुलं प्रात्यक्षिकाला पाठवणं मला पटत नाही.

दुसरं म्हणजे, थोडा निधी मिळणार आहे. दुकानदाराच्या यादीत सगळंच बोरोसिलिकेट, म्हणजे तापवल्यावर सहज न तडकणाऱ्या काचेचं आहे. त्या पैशात दोन गटांपुरतंच साहित्य येईल, मला निदान सहा गट करायचेत. साधी काच किंवा प्लास्टिक कुठे चालेल आणि कुठे अजिबात चालणार नाही? शिवाय मुलं सर्रास चंचुपात्राच्या (बीकरच्या) खुणांवर आम्ल मोजतात, ती सवय कशी मोडावी?

प्रतिसाद १

ताई, मी प्रयोगशाळा सहायक होतो, आता निवृत्त आहे. निवळी गढूळ होत नाही यात मुलांचा काही दोष नाही. कॅल्शिअम कार्बोनेटचं नीट अपघटन व्हायला, म्हणजे ते तापून फुटून वायू सुटायला, तापमान 800 अंश सेल्सिअसच्या पुढे जावं लागतं. स्पिरिटच्या दिव्यावर नळीतली पूड तेवढी तापत नाही. त्याऐवजी खाण्याचा सोडा घ्या. 100 अंशांच्या वर तो भराभर कार्बन डायऑक्साइड सोडतो. हेही अपघटनच आहे, फक्त वहीत समीकरण सोड्याचं लिहायला लावा. निवळी ताजी आणि गाळलेली हवी. उघडी राहिली तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनेच तिच्यावर साय धरते.

सोड्यातून पाण्याची वाफही निघते. ती नळीच्या थंड तोंडाशी जमते आणि थेंब ओघळून तापलेल्या तळावर गेला की काच तडकते. म्हणून स्टँडला लावताना नळीचं तोंड किंचित खाली झुकलेलं ठेवा.

निवळी उलटी चढते ती दिवा काढल्यावर आतला वायू थंड होऊन आकसतो म्हणून. बाहेरच्या हवेचा दाब तिला आत ढकलतो. मुलांकडून क्रम पाठच करून घ्या: आधी वायुनळी निवळीच्या बाहेर, मग दिवा बाजूला.

खरेदीचं म्हणाल तर ज्योतीवर जाणाऱ्या परीक्षानळ्या, चंचुपात्रं, शंकुपात्रं बोरोसिलिकेटचीच घ्या, तिथे तडजोड नको. साधी काच तापल्यावर तिच्या जवळजवळ तिप्पट प्रसरण पावते. कपाटातल्या जुन्या नळ्यांवर छाप नसेल तर त्या साध्या काचेच्या समजा आणि लिटमस, अवक्षेप वगैरेंना वापरा. फेकू नका, निम्मं काम त्यांच्यावर भागतं. नरसाळी आणि मोजपात्रं पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकची चालतात, सौम्य आम्लाने त्यांना काही होत नाही. परीक्षानळ्यांचे स्टँड गावातल्या सुताराकडून करून घ्या. पिपेट (द्रव ओढून मोजायची नळी) घेतलीत तर रबरी फुगाही घ्या, तोंडाने कुणालाही ओढू देऊ नका.

प्रतिसाद २

वरच्या सरांशी सहमत. चंचुपात्राची सवय मोडायला मुलांनाच पडताळू द्या. 50 मिलीच्या खुणेपर्यंत पाणी भरून ते मोजपात्रात ओतायला सांगा. एका गटाचं 48 येईल, दुसऱ्याचं 52. चंचुपात्राच्या खुणांत साधारण 5 टक्क्यांची चूक धरलेलीच असते. फळ्यावर सगळ्या गटांचे आकडे शेजारी शेजारी लिहा, वेगळं काही समजवावं लागत नाही.

एक सुचवतो: मोजपात्रं प्लास्टिकची घेतलीत तरी एक काचेचं घ्याच. पॉलिप्रोपिलीनमध्ये पाण्याची पातळी जवळजवळ सपाट दिसते. वक्र पृष्ठाच्या तळाशी डोळा आणून वाचायचं, हे मुलांना काचेतच दाखवता येतं.