फ्रोझनमध्ये ‘मार्जिन मोकळे’, फायनल रिपोर्टमध्ये ‘क्लोज’: अर्थ काय घ्यावा?

प्रश्न (चोपडा, जि. जळगाव)
आबांच्या डाव्या गालाच्या आतील कर्करोगाची शस्त्रक्रिया तीन आठवड्यांपूर्वी झाली. ती चालू असतानाच सर्जन बाहेर आले आणि फ्रोझनमध्ये, म्हणजे तुकडे गोठवून लगेच केलेल्या तपासणीत, कडा मोकळ्या (कर्करोगाच्या पेशी नसलेल्या) आल्याचे त्यांनी सांगितले. काल मिळालेल्या फायनल रिपोर्टमध्ये मात्र खोलीकडील मार्जिन (गाठीपासून कापलेल्या कडेपर्यंतचे अंतर) ४ मिलिमीटर, ‘क्लोज’, असे लिहिले आहे. गाठीभोवती १ सेंटिमीटर निरोगी भाग घेणार असे आम्हाला सांगितले होते. मग उरलेले ६ मिलिमीटर गेले कुठे, आणि त्या दिवशीचा रिपोर्ट चुकला होता का?

उत्तर (धुळे, पॅथॉलॉजिस्ट)
दोन्ही रिपोर्ट बरोबर असू शकतात. आपल्याकडे माती परीक्षणासाठी शेतातील निवडक ठिकाणांचे नमुने घेतात, तसेच फ्रोझनमध्ये सर्जनने दिलेले मोजके तुकडे उणे २० अंशांच्या आसपास गोठवून, पातळ काप करून, साधारण अर्ध्या तासात पाहिले जातात. ज्या जागेचा तुकडा आलाच नाही, तिच्याविषयी आम्ही काही बोलू शकत नाही. शिवाय हाड असे कापता येत नाही. ते आम्लात मऊ करावे लागते, आणि त्याला काही दिवस जातात.

उरलेल्या ६ मिलिमीटरचे उत्तर बरेचसे आकसण्यात आहे. गालाचे अस्तर आणि स्नायू शरीरापासून सुटताच, फॉर्मेलिनमध्ये (नमुना टिकवण्याच्या द्रावणात) पडण्याआधीच, आखडतात. त्यामुळे टेबलावर मोजलेले १० मिलिमीटर आमच्याकडे ६ किंवा ७ भरले तर मला नवल वाटत नाही. गाठीची कडा अस्तरावर डोळ्यांना दिसते, खोलीकडे मात्र सर्जनला बोटांच्या अंदाजावर चालावे लागते, आणि तिथेच अंतर कमी पडते.

फायनलसाठी आम्ही नमुन्याच्या कापलेल्या पृष्ठभागाला शाई लावतो. ती काचपट्टीवरही टिकते, म्हणून गाठीच्या शेवटच्या पेशीपासून शाईपर्यंतचे अंतर मोजता येते. रूढ वर्गवारीत ५ मिलिमीटर वा अधिक म्हणजे मोकळे आणि त्याखाली क्लोज. १ मिलिमीटरच्या आत आल्यास अनेक ठिकाणी ते पॉझिटिव्हच (कडेपर्यंत कर्करोग असल्यासारखेच) धरतात.

उत्तर (जळगाव, मुखशल्यचिकित्सक)
एक गोष्ट जरूर विचारा: फ्रोझनचे तुकडे जखमेतून घेतले होते की काढलेल्या नमुन्यातून? जखमेतील तुकडा नेमका कोणत्या जागेचा, हे नंतर जुळवणे कठीण जाते. नमुन्याला एका टोकाला लांब आणि दुसऱ्या टोकाला आखूड टाका घालून, सर्जन व पॅथॉलॉजिस्ट यांनी तो एकत्र पाहिला, तर कमी पडलेली जागा त्याच वेळी सापडते. मी स्वतः पूर्वी जखमेतूनच तुकडे घेत असे. ती सवय सोडायला मला वेळ लागला.

४ मिलिमीटर म्हणजे कर्करोग मागे राहिला, असा अर्थ मात्र काढू नका. रेडिएशनचा निर्णय गाठीची खोली, मानेतील लसिकाग्रंथी आणि मज्जातंतूंभोवतीचा शिरकाव हे सारे पाहून होतो. ते द्यायचे ठरल्यास शस्त्रक्रियेपासून सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावे, म्हणून ट्यूमर बोर्डाची (उपचार एकत्र ठरवणाऱ्या वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या गटाची) भेट लांबवू नका.

उत्तर (भुसावळ, रुग्णाचा मुलगा)
आमच्या अण्णांचे मार्जिन पॉझिटिव्ह होते, त्यामुळे त्यांना रेडिएशनबरोबर केमोही द्यावी लागली. शेक सुरू होण्याआधी दातांची तपासणी उरकून घ्या. आम्हाला ते उशिरा कळले आणि दात काढून जखम भरण्यात दोन आठवडे गेले.

प्रश्नकर्ता (चोपडा)
सर्वांचा आभारी आहे. आज सर्जनना विचारले. फ्रोझनला चार तुकडे गेले होते आणि चारही अस्तराच्या कडेचे होते. खोलीकडचा एकही नव्हता. मानेतील ग्रंथी स्वच्छ आहेत, पण मज्जातंतूंभोवती शिरकाव असल्याचे रिपोर्टमध्ये लिहिले आहे, जे आम्ही काल वाचलेच नव्हते. गुरुवारी बोर्डासमोर जात आहोत, आणि बुधवारी आबांना दातांच्या डॉक्टरांकडे नेतो.